लिबरऑफिसमध्ये मराठी मजकुराचा फॉन्ट, आकार आणि पाने पुन्हा पुन्हा बदलतात: कारणे आणि कायमचा उपाय

आमच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल २४ पानांचा असतो. कार्यालयातल्या संगणकावर तो २४ पानांचाच दिसतो, कार्यवाहांच्या घरच्या संगणकावर २६ पानांचा होतो आणि छापायला गेला की २७ पानांवर जातो. अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात, जमाखर्चाचा तक्ता मधूनच तुटून दोन पानांवर जातो, एकाच ओळीतले इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी शब्द बारीक दिसू लागतात आणि ‘शाळा’ या शब्दातला श हिंदी वळणाचा होऊन बसतो. सगळा मजकूर निवडून फॉन्ट आणि आकार नव्याने दिला की त्या संगणकावर तेवढ्यापुरते सगळे सरळ होते, पण पुढच्या खेपेला फाइल उघडली की तीच दुरुस्ती पहिल्यापासून करावी लागते.

परवान्याचे पैसे दर वर्षी भरणे झेपत नसल्यामुळे लिबरऑफिस या विनामूल्य कार्यालयीन सॉफ्टवेअरकडे वळलेल्या अनेक लहान संस्थांत, शाळांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांत मी हीच तक्रार ऐकली आहे, आणि दोन ठिकाणी तर एवढ्याच कारणावरून मंडळींनी पुन्हा विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार सुरू केला होता. ‘फुकटचे आहे, म्हणून असे होते’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. बिघाडाचे मूळ लिपीच्या मांडणीत, फॉन्टच्या उपलब्धतेत आणि आपण मजकुराला रूप कसे देतो यात आहे, आणि ते एकदा समजले की तासाभराच्या कामात प्रश्न कायमचा सुटतो. पुढे दिलेली पद्धत मी रायटरमधल्या, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहिण्याच्या भागातल्या, दस्तऐवजांसाठी वापरतो.

प्रथम सॉफ्टवेअर कोणते आणि कितवे ते पाहावे

हे सांगण्याचे कारण असे की पुष्कळ संगणकांवर अजूनही ओपनऑफिस बसवलेले असते आणि वापरणारा त्यालाच लिबरऑफिस समजत असतो. दोघांचे मूळ एकच आहे. सन या कंपनीने १९९९ साली स्टारऑफिस विकत घेतले आणि २००० साली त्याचा स्रोत खुला करून ओपनऑफिस सुरू केले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अनेक विकासकांनी बाहेर पडून डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केली आणि जानेवारी २०११ मध्ये लिबरऑफिसची ३.३ ही पहिली आवृत्ती आली. देवनागरीच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे २०१७ मधली ५.३ ही आवृत्ती, कारण तेव्हापासून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही ठिकाणी जोडाक्षरांची जुळणी हार्फबझ या एकाच यंत्रणेकडून होऊ लागली. त्याआधी प्रत्येक प्रणालीवर जुळणी करणारी यंत्रणा निराळी असे, त्यामुळे एकाच फॉन्टमधले जोडाक्षर एका संगणकावर नीट आणि दुसऱ्यावर पाय मोडलेले दिसू शकत असे. २०२४ पासून आवृत्त्यांचे क्रमांक २४.२, २४.८ असे वर्ष आणि महिना यांवरून दिले जातात. फाइल ज्या ज्या संगणकांवर फिरणार असेल त्या सगळ्यांवर अशी अलीकडची आवृत्ती असेल, तर पुढची अर्धी डोकेदुखी उद्भवतच नाही.

एका शब्दाला तीन फॉन्ट असतात

बहुतेक बिघाडांचे मूळ इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

रायटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक फॉन्ट नसतो, तर तीन कप्पे असतात: पाश्चात्त्य लिप्यांसाठी एक, चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांसाठी दुसरा आणि ज्यांत अक्षरांची जुळणी करावी लागते अशा लिप्यांसाठी तिसरा. या तिसऱ्या कप्प्याला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट किंवा थोडक्यात सीटीएल म्हणतात, आणि देवनागरी त्यात मोडते. प्रत्येक कप्प्याचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, ठळकपणा वेगळा आणि भाषादेखील वेगळी असते. अक्षर कोणत्या लिपीचे आहे ते पाहून रायटर त्या त्या कप्प्यातले रूप त्याला देतो. अंक, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि मोकळी जागा यांना स्वतःची लिपी नसल्याने ती सहसा आधीच्या मजकुराच्या कप्प्यात जातात, म्हणून मराठी शब्दानंतरचा पूर्णविराम आणि इंग्रजी शब्दानंतरचा पूर्णविराम एकाच ओळीत वेगळे दिसू शकतात.

आता नेहमीचा प्रसंग पाहू. मुखपृष्ठावर इंग्रजी अक्षरांत वाचनालयाचे नाव आहे आणि त्याखाली तेच मराठीत आहे. आपण शैलीच्या (स्टाइलच्या, म्हणजे नाव देऊन एकदाच ठरवून ठेवलेल्या रूपाच्या) खिडकीत जातो, समोर दिसणाऱ्या पहिल्या रकान्यात आकार १८ करतो आणि ठीक म्हणतो. इंग्रजी नाव मोठे होते, मराठी नाव १२ वरच राहते, कारण आपण बदललेला रकाना पाश्चात्त्य कप्प्याचा होता. वरच्या पट्टीवरून बदल करताना असे कमी वेळा होते, कारण ती पट्टी निवडलेल्या मजकुराच्या किंवा कर्सरजवळच्या अक्षरांच्या लिपीकडे पाहून तोच कप्पा बदलते. पण त्यामुळेच गोंधळ वाढतो: इंग्रजी शब्दाजवळ कर्सर ठेवून आकार दिला आणि मग मराठीत टंकन सुरू केले, तर नवा मजकूर जुन्याच आकारात उमटतो आणि माणसाला वाटते की प्रणालीने आपले ऐकले नाही.

ही रचना केवळ लिबरऑफिसची नाही. वर्डच्या डॉक्स फाइलमध्येही साधा आकार आणि कॉम्प्लेक्स लिपीचा आकार, साधा ठळकपणा आणि कॉम्प्लेक्स लिपीचा ठळकपणा या वेगवेगळ्या नोंदी असतात. म्हणून वर्डमधून आलेल्या फाइलमध्ये इंग्रजी शीर्षक ठळक आणि शेजारचे मराठी शीर्षक बारीक दिसले, तर रूपांतरात काही हरवले असे लगेच समजू नये. बहुधा त्या फाइलमध्ये मराठीच्या कप्प्यात ठळकपणाची नोंदच नसते.

कप्पे दिसू लागतील अशी सोय करणे ही पहिली दुरुस्ती. टूल्स या मेनूत ऑप्शन्स उघडावे, तिथे लँग्वेजेस अँड लोकेल्स या गटात जावे. जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव लँग्वेज सेटिंग्ज असे आहे. दस्तऐवजांच्या मूळ भाषा जिथे ठरवतात तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोरच्या चौकोनात खूण करावी आणि भाषा म्हणून मराठी निवडावी. तिथे सहसा हिंदी आलेली असते आणि पुष्कळ जण देवनागरी आहे म्हणून ती तशीच ठेवतात. तसे करू नये, त्याचे कारण पुढे येईल. फक्त चालू दस्तऐवजापुरता बदल करण्याचा पर्याय त्याच पानावर असतो, त्यावर खूण नाही याची खात्री करून घ्यावी, नाही तर उद्याच्या नव्या फाइलमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. ही सोय बंद असते तेव्हा अक्षरांच्या खिडकीत मराठीचा कप्पा दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते दुरुस्त करता येत नाही.

यानंतर त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या गटात बेसिक फॉन्ट्स सीटीएल नावाचे पान दिसू लागते. तिथे मूळ मजकूर, शीर्षक, यादी, चित्रमथळा आणि सूची या पाचही ठिकाणी मराठीचा फॉन्ट आणि आकार ठरवून द्यावा.

फॉन्ट मुळात आहे का

फॉन्टच्या नावाचा रकाना बारकाईने पाहावा. कर्सर मराठी शब्दात ठेवल्यावर तिथले नाव तिरप्या अक्षरांत दिसत असेल, तर तो फॉन्ट या संगणकावर नाही आणि रायटर त्याच्या जागी दुसरा वापरतो आहे. ही लहानशी खूण फार उपयोगाची आहे आणि ती जवळजवळ कोणाच्याच लक्षात येत नाही. आमच्या अहवालाच्या पहिल्या ओळीवर कर्सर ठेवला तेव्हा तिथे ‘मंगल’ हे नाव तिरपे उभे होते.

मंगल हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला फॉन्ट आहे आणि वर्डच्या कितीतरी मराठी फाइलींत तोच मूळ फॉन्ट म्हणून नोंदलेला असतो. पण तो मुक्त नाही, त्यामुळे लिनक्सबरोबर येत नाही. शिवाय विंडोजवर तो असतोच असेही आता राहिलेले नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक संचात गेले आहेत, आणि मराठी किंवा हिंदी भाषा न जोडलेल्या नव्या संगणकावर ते आपोआप येत नाहीत. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो संच जोडता येतो. ‘दोन्हीकडे विंडोजच आहे, तरी पाने का सरकतात’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

फॉन्ट बदलला की केवळ अक्षरांचे वळण बदलत नाही, तर ओळीची उंचीही बदलते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, तर खाली उकारासाठी जागा लागते, आणि ही जागा किती ठेवायची ते प्रत्येक फॉन्टचा कर्ता आपापल्या हिशेबाने ठरवतो. एकेरी ओळअंतर म्हणजे ‘फॉन्ट सांगेल तेवढी उंची’, त्यामुळे एका ओळीला थोडासा फरक पडला तरी पानाला ३० ओळींच्या हिशेबात दोन ओळी पुढे ढकलल्या जातात आणि २४ पानांचा अहवाल २६ पानांचा होतो. इंग्रजी शब्द अधूनमधून येणाऱ्या परिच्छेदात काही ओळी जवळ आणि काही लांब दिसतात, त्याचेही हेच कारण आहे.

यावर माझा स्पष्ट सल्ला असा की संस्थेने मुक्त परवान्याचा एक युनिकोड फॉन्ट (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) निवडावा, तो आपल्या सगळ्या संगणकांवर बसवावा आणि मंगलचा हट्ट सोडावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका आणि राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू हे सगळे विनामूल्य मिळतात. लोहित देवनागरी लिनक्सवर सहज मिळतो, पण त्याला ठळक रूप नाही, त्यामुळे शीर्षकांना रायटर कृत्रिम जाडी देतो आणि छपाईत जोडाक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. ज्या फॉन्टची साधी आणि ठळक अशी दोन्ही रूपे स्वतंत्र फाइलींत मिळतात तोच घ्यावा. आम्ही मजकुरासाठी ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला आणि एका दुपारी तिन्ही संगणकांवर बसवला.

बाहेरून येणाऱ्या फाइलींत मंगल राहणारच. त्यासाठी ऑप्शन्समध्ये लिबरऑफिस या गटातल्या फॉन्ट्स या पानावर बदली-तक्ता आहे. त्यात मंगलच्या जागी कोणता फॉन्ट वापरायचा ते लिहून ठेवता येते. मात्र या तक्त्याने फाइलमधले नाव बदलत नाही, केवळ आपल्या संगणकावरचे दिसणे आणि छापणे बदलते, ही मर्यादा लक्षात ठेवावी. ज्यांना तो तक्ता म्हणजे कायमचा उपाय वाटला, त्यांची पाने छापखान्यात पुन्हा सरकली.

ओळअंतर परिच्छेदाच्या शैलीतच बांधून टाकावे. १२ पॉइंटच्या मजकुरासाठी फिक्स्ड या पर्यायात १८ पॉइंट हे माझे नेहमीचे माप आहे, पण प्रत्येक फॉन्टला ते जमेल असे नाही. ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘पट्ट्यांमध्ये’, ‘उद्धृत’ असे शब्द एकाखाली एक टंकून पाहावेत. रफार आणि वेलांटी यांचा वरचा भाग किंवा उकाराचा खालचा भाग कापला जात असेल, तर माप एकेका पॉइंटने वाढवावे.

भाषा हिंदी राहिली की ल आणि श बदलतात

मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहिण्याची रीत आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही प्रमाण वर्णमालेसाठी हीच वळणे सांगितली आहेत. युनिकोडमध्ये मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे. कोणते वळण दाखवायचे ते फॉन्टने मजकुराची भाषा पाहून ठरवायचे असते. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आहेत त्याला रायटरने ‘हा मजकूर मराठी आहे’ असे सांगितले की तो मराठी वळण देतो, आणि ‘हिंदी आहे’ असे सांगितले की हिंदी. म्हणून आधी सांगितलेल्या ठिकाणी भाषा मराठी करणे ही केवळ औपचारिकता नाही. फाइल डोळ्यांसमोर ठेवून शैलीतली सीटीएल भाषा हिंदीवरून मराठी केली, तर ‘शाळा’ आणि ‘लेखन’ हे शब्द जागच्या जागी वळण बदलताना दिसतात. बदलले नाहीत, तर फॉन्टमध्ये एकच वळण आहे असे समजून फॉन्ट बदलावा.

भाषा हिंदी राहिली तर आणखी एक त्रास होतो. हिंदीचा शब्दकोश तपासणीला लागतो आणि ‘आहे’, ‘मध्ये’, ‘वाचनालयाचा’ या सगळ्यांखाली लाल नागमोडी रेघा येतात. मग माणूस कंटाळून तपासणीच बंद करतो. मराठीचा शब्दकोश विस्तार म्हणून बसवता येतो, आणि तो सगळे शब्द ओळखत नसला तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका दाखवून देतो.

हे सगळे करूनही पुन्हा तेच होते, त्याचे कारण

आतापर्यंतची सगळी सेटिंग्ज नव्या, कोऱ्या फाइलला लागू होतात. गेल्या वर्षीचा अहवाल उघडून त्यातच आकडे बदलणाऱ्याला त्यांचा काही उपयोग होत नाही, कारण त्या फाइलमध्ये तिच्या स्वतःच्या शैली आणि त्यांच्यावर हातांनी दिलेली रूपे आधीपासून साठवलेली असतात. कंट्रोल आणि ए दाबून सगळ्याला फॉन्ट देण्याची आपली सवय या रूपांचा आणखी एक थर चढवते. पाच वर्षे अशी डागडुजी झालेल्या फाइलमध्ये एकेका वाक्यात चार-चार रूपे सापडतात, आणि शैली बदलली तरी मजकूर हलत नाही, कारण हाताने दिलेले रूप शैलीपेक्षा वरचढ ठरते.

हे पाहायचे असेल तर ७.१ आवृत्तीपासून बाजूच्या पट्टीत स्टाइल इन्स्पेक्टर आहे. बिघडलेल्या मराठी शब्दावर कर्सर ठेवून तो उघडावा. परिच्छेदाची शैली, परिच्छेदाला हाताने दिलेले रूप, अक्षरांची शैली आणि अक्षरांना हाताने दिलेले रूप अशा चार थरांची यादी तिथे दिसते. आमच्या अहवालातल्या ‘बालविभाग’ या शब्दावर कर्सर ठेवला तेव्हा शैलीत मराठीचा आकार १२ होता आणि शेवटच्या थरात कॉम्प्लेक्स उंची १० अशी नोंद होती. कोणी तरी कधी काळी मजकूर एका पानात बसवण्यासाठी तो १० केला होता, आणि ती नोंद त्या परिच्छेदाबरोबर दर वर्षी नव्या अहवालात येत राहिली होती.

म्हणून जुनी फाइल एकदाच पूर्ण साफ करावी लागते. फाइलची प्रत काढून ठेवावी, मग सगळा मजकूर निवडून फॉरमॅट मेनूतले क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग द्यावे. यात मुद्दाम ठळक किंवा तिरपे केलेले शब्दही साधे होतात, हा तोटा आहे. मी जुनी छापील प्रत शेजारी ठेवून ते शब्द एकेक करून पुन्हा ठळक केले, पण या वेळी पट्टीवरच्या बटणाने न करता अक्षरशैली देऊन केले. २४ पानांना पाऊण तास लागला आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मी आजही म्हणेन.

यानंतर एफ ११ दाबून शैलींची यादी उघडावी आणि डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल संपादित करावी. इतर बहुतेक शैली हिच्यापासून निघतात. फॉन्टच्या पानावर पाश्चात्त्य आणि सीटीएल हे दोन्ही विभाग भरावेत: फॉन्ट, आकार आणि भाषा. शीर्षकांच्या शैलीला स्वतःचा वेगळा फॉन्ट दिलेला असतो, त्यामुळे हेडिंग या मूळ शैलीत जाऊन तिथलाही सीटीएल विभाग भरावा, नाही तर मजकूर सुधारतो आणि शीर्षके जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. वर्डमधून आलेल्या फाइलमधली नॉर्मल ही शैली रायटरमध्ये डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल म्हणूनच दिसते, त्यामुळे तिथेही हीच कृती चालते.

साफ झालेल्या फाइलमधला मजकूर काढून टाकून ती फाइल मेनूतल्या टेम्प्लेट्समधून साचा म्हणून जतन करावी आणि तिला मूळ साचा करण्याच्या पर्यायावर खूण करावी. इथून पुढे प्रत्येक नवी फाइल याच शैली घेऊन जन्माला येते. बाहेरून आलेल्या फाइलला त्या द्यायच्या असतील, तर शैलींच्या पट्टीत साच्यातून शैली भरून घेण्याची सोय आहे. तिथे ओव्हरराइटवर खूण करायला विसरू नये, कारण ती नसली तर एकाच नावाच्या शैली बदलत नाहीत आणि आपल्याला वाटते की कृती फसली.

फाइल दुसऱ्याकडे पाठवताना

काम चालू असेपर्यंत फाइल ओडीटी या स्वरूपातच ठेवावी. ओडीटी ज्यात मोडते ते ओपन डॉक्युमेंट हे २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि रायटरचे ते स्वतःचे स्वरूप असल्यामुळे तिन्ही कप्प्यांच्या नोंदी त्यात जशाच्या तशा राहतात. डॉक्स ही प्रत मागणाऱ्यासाठी शेवटी काढावी, आणि एकच फाइल आज रायटरमध्ये, उद्या वर्डमध्ये, परवा पुन्हा रायटरमध्ये असे होऊ देऊ नये.

समोरच्याकडे आपला फॉन्ट नसेल असे धरूनच चालावे. फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट या पानावर फाइलीतच फॉन्ट घालून पाठवण्याचा पर्याय आहे. तिथे कोणत्या लिप्यांचे फॉन्ट घालायचे तेही विचारलेले असते, आणि कॉम्प्लेक्स लिप्यांवरची खूण काढलेली असेल तर नेमका मराठी फॉन्टच वगळला जातो. मुक्त परवान्याच्या फॉन्टला यात काही अडचण येत नाही, हे तो निवडण्याचे आणखी एक कारण.

छापखान्याला मात्र पीडीएफच द्यावी. पीडीएफमध्ये अक्षरे जागच्या जागी बांधलेली असल्यामुळे पाने सरकत नाहीत. तिच्यातून मराठी मजकूर परत काढायला गेले तर वेलांट्या आणि रफार विखुरतात, म्हणून ‘ओडीटी हरवली, पीडीएफ तर आहे’ या भरवशावर राहू नये. निर्यातीच्या खिडकीत हायब्रिड पीडीएफ असा पर्याय आहे, तो निवडला तर पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटीही जाते आणि तीच पीडीएफ रायटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते. कार्यकारिणी बदलते तेव्हा जुन्या फाइली हमखास गहाळ होतात, तिथे या सोयीने आम्हाला तारले आहे.

सापडत नाहीत असे शब्द

फॉन्ट, आकार, भाषा हे सगळे जागेवर आले तरी शोधा-आणि-बदला करताना एक गोष्ट अडवते. ‘दुसऱ्या मजल्यावर’ हे शब्द फाइलमध्ये डोळ्यांनी दिसत असतात आणि शोधल्यावर सापडत नाहीत. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक तर खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या तऱ्हेत आणखी धोका असा की एका ठिकाणाहून दुसरीकडे मजकूर नेताना ते न दिसणारे चिन्ह गळून पडले, तर उरतो तो रफार, आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून टिंबाचा ऱ मिळतो. सगळ्यांनी तोच वापरावा असे आम्ही ठरवले. जुन्या फाइलमधले न सापडणारे रूप तिथूनच उचलून शोधण्याच्या चौकटीत चिकटवावे आणि बदलाच्या चौकटीत नवे रूप टंकावे, म्हणजे एका फटक्यात सगळी जागेवर येतात. गळालेल्या रफारांना मात्र असे सरसकट बदलू नये, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांतला रफार बरोबर आहे. ते एकेक पाहूनच बदलावेत.

जिथे यातले काहीच लागू पडत नाही

फाइल उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसत असेल, तर ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टंकलेली आहे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टांत अक्षरे रोमन म्हणूनच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी चित्रे चढवतो. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच अशी पाच अक्षरे असतो. रायटर त्याला पाश्चात्त्य कप्प्यात टाकतो, त्यामुळे सीटीएलची कोणतीही दुरुस्ती इथे निरुपयोगी ठरते. तो जुना फॉन्ट बसवला तर मजकूर वाचता येतो, पण त्या फाइलमध्ये काही टंकण्याआधी ऑटोकरेक्ट बंद करावे. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय इथे अक्षरच बदलून टाकते, कारण या फॉन्टांत लहान बी आणि मोठा बी ही दोन निराळी देवनागरी चिन्हे आहेत.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो, आणि त्यासाठी त्या नेमक्या फॉन्टचा परिवर्तक वापरावा लागतो. श्रीलिपीची फाइल कृतिदेवच्या परिवर्तकातून काढली तर निघते ती निव्वळ राळ. या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असल्यामुळे परिवर्तकाला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात, आणि जोडाक्षराभोवती तो तिथेच चुकतो. आमची १९९८ पासूनची इतिवृत्ते आम्ही अशी बदलून घेतली, तेव्हा सर्वांत जास्त चुका ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘निश्चित’ यांसारख्या शब्दांत आणि सभासदांच्या नावांत निघाल्या. म्हणून परिवर्तन झाल्यावर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. नावांसाठी शब्दकोशाचा उपयोग होत नाही, ती सभासद नोंदवहीशीच ताडावीत.